सहकुटुंब, सहपरिवार, सभोपळा

कृष्णाकाठच्या सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत कोणताही परका सण थेट साजरा होत नाही. तो आधी नाकारला जातो, मग तो मुळात आपलाच होता असे सिद्ध केले जाते, त्यानंतर वर्गणी ठरते आणि वर्गणीवरून भांडण झाले की तो सण रीतसर रुजला असे समजण्यात येते. हॅलोविन, म्हणजे ख्रिस्ती परंपरेत १ नोव्हेंबरला येणाऱ्या सर्व संतांच्या दिवसाची आदली रात्र, जिची मुळे आयर्लंड-स्कॉटलंडकडील सुगीअखेरच्या जुन्या उत्सवात शोधली जातात आणि जिचे आजचे रूप अमेरिकेत घडले, ती सध्या या प्रवासात वर्गणीच्या टप्प्यावर येऊन पोहोचली आहे. या रात्री भुतांची सोंगे घेतात, पोकळ भोपळ्यात दिवा लावतात आणि मुले घरोघर जाऊन खाऊ मागतात. यांपैकी भूत, भोपळा, दिवा आणि खाऊ या चारही गोष्टी दोन्ही जिल्ह्यांत मुबलक आहेत; टंचाई असते ती एकमताची, कारण सण सहकुटुंब साजरा करायचा म्हटले की भुतांचा बंदोबस्त दुय्यम ठरतो आणि नातेवाइकांचा बंदोबस्त आधी करावा लागतो.

या बंदोबस्ताचा आरंभ गृहनिर्माण संस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर होतो. सांगलीतील कोणतीही संस्था उदाहरणादाखल घेतली तरी क्रम तोच आढळतो. सांस्कृतिक समितीच्या उत्साही चिटणीस एका सांगाड्याचे चित्र टाकून ‘सर्व बालगोपाळांनी ३१ तारखेला सायंकाळी सहा वाजता भुताच्या वेशात वाहनतळावर जमावे, त्यानंतर प्रयोगशील संगीताची मैफल होईल’ असे कळवतात. त्यावर चित्र पाहून पण मजकूर न वाचता तीन ज्येष्ठ सभासद ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ असे लिहितात, त्यांचे पाहून आणखी अकरा जण हात जोडतात, आणि दुपारपर्यंत कोण गेले याची चौकशी करणारे फोन सुरू होतात. २०२४ साली या गोंधळात पंचांगाने भर घातली. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी आली, त्यामुळे ज्या मुलांनी पहाटे उटणे लावून अभ्यंगस्नान केले, कारीट नावाचे लहानसे कडू फळ पायाच्या अंगठ्याने फोडून नरकासुराचा वध साजरा केला, त्याच मुलांना संध्याकाळी त्याच असुराच्या बिरादरीत सामील व्हायचे होते. अशाच एका संस्थेतल्या एका कुटुंबातील आण्णांनी, म्हणजे ज्यांना निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळतो आणि ऐकायला कोणी मिळत नाही अशा ज्येष्ठांनी, बंगालात याच तिथीला भूत चतुर्दशी म्हणतात आणि त्या दिवशी चौदा दिवे लावून चौदा पालेभाज्या खातात, ही माहिती शोधून काढली आणि निर्णय दिला.

“म्हणजे हे आपलंच. आयरिश लोकांनी उचललं.”

“आण्णा, पण मग आपण पालेभाज्या करायच्या का?” असे सूनबाईंनी विचारताच सणाच्या मालकीचा प्रश्न तात्पुरता मागे घेण्यात आला.

दुसरा टप्पा भोपळ्याचा. आयर्लंड-स्कॉटलंडात पूर्वी सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. तेथून अमेरिकेस गेलेल्या लोकांना तिकडचा मोठा, मऊ भोपळा अधिक सोयीचा वाटला आणि जगभर तोच रूढ झाला. सांगलीच्या भाजीबाजारात भोपळा फोडीवर विकला जातो, आणि अख्खा भोपळा मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे विक्रेता आदराने पाहतो, कारण अख्खा भोपळा एक तर पंगतीसाठी नेतात किंवा पितृपक्षात, जेव्हा श्राद्धाच्या पानात त्याची भाजी वाढली जाते.

“अख्खाच पायजे? कार्य हाय का घरात?”

“कार्य नाही हो. भूत करायचंय त्याचं.”

“मग कोहळा न्या की. भुताला कोहळाच लागतो.”

हा सल्ला शास्त्राला धरून होता, कारण नजर लागू नये म्हणून दुकानाच्या दारात टांगतात तो कोहळाच. परंतु विक्रेत्याच्या योजनेत भूत घालवायचे होते आणि गिऱ्हाइकाच्या योजनेत ते आणायचे होते. तडजोड म्हणून भोपळा आणि कोहळा असे दोन्ही घेण्यात आले, आणि विक्रेत्याने तत्त्वचर्चेबद्दल कोथिंबीर फुकट दिली.

घरी आल्यावर आज्जींनी एक जुना नियम पुढे केला. अख्खा कोहळा किंवा भोपळा हा बळीच्या ठिकाणी मानला जात असल्याने त्याला पहिली चीर बाईने देऊ नये, पुरुषाने द्यावी, असा संकेत महाराष्ट्रातील अनेक घरांत पाळला जातो. कुटुंबप्रमुख कार्यालयात, आण्णांच्या हाताला कंप, नातू अल्पवयीन. त्यामुळे शेजारच्या काकांना ‘तेवढी चीर देऊन जा’ असे बोलावणे गेले. काका स्वयंपाकघरात पुरुष म्हणून प्रथमच उपयोगी पडत असल्यामुळे शर्ट बदलून आले, त्यांनी विळी नाकारून सुरी मागितली, सुरी नाकारून मोठी सुरी मागितली, आणि सूनबाईंनी संगणकावरून उतरवून खडूने आखलेल्या भेसूर चेहऱ्याच्या नेमक्या नाकावरून वरपासून खालपर्यंत चीर देऊन, चहा पिऊन, कृतकृत्य होऊन निघून गेले. दुभंगलेला चेहरा चिकटपट्टीने जोडल्यावर तो कोणाच्या तरी ओळखीचा दिसू लागला. तो कोणासारखा दिसतो हे प्रत्येकाने मनात ओळखले आणि ते नाव सासरच्या बाजूचे असल्याने सूनबाईंनी आणि माहेरच्या बाजूचे असल्याने आज्जींनी उच्चारले नाही. काढलेल्या गराचे घारगे झाले, उरलेल्या गराचे भरीत झाले, बिया गच्चीत वाळत पडल्या, आणि दिवा लावण्याच्या वेळी आज्जींनी भोपळ्याच्या कपाळाला हळदकुंकू लावून, दिव्याला नमस्कार करून सर्वांकडून करवून घेतला. कपाळी कुंकू ल्यालेला भोपळा कोणालाही घाबरवू शकत नाही. तो हळदीकुंकवाला आलेल्या सवाष्णीसारखा प्रसन्न दिसतो, हे या प्रयोगाचे पहिले निरीक्षण होय.

वेशभूषेच्या बाबतीत कुटुंबाची अडचण अज्ञानाची नव्हती. ज्ञान फार होते. हॅलोविनची आयात भुते मोघम असतात, पांढरी चादर घातली की काम भागते; मराठी भूतसृष्टीत मात्र जन्म, मृत्यू, वय आणि अपुरी राहिलेली इच्छा यांनुसार प्रत्येकाचे खाते वेगळे आहे. मुंज झाल्यावर सोडमुंजीच्या आत मेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. वारस नसल्याने किंवा वासना अडकल्याने मागे रेंगाळतो तो समंध. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते आणि तिची पावले उलटी असतात. रात्रीच्या वाटसरूला त्याच त्या जागी गोल गोल फिरवतो तो चकवा. आणि या सर्वांचा राजा वेताळ, ज्याची गावोगावच्या वेशीवर ठाणी आहेत. आण्णांनी हे सर्व नातवंडांना समजावून सांगितले आणि प्रत्येकाने अर्ज केल्याप्रमाणे खाते निवडावे असे सुचवले. धाकट्याने लंगोटी आणि शेंडी पाहून मुंजा होण्यास साफ नकार दिला. थोरलीने हडळ होण्याचे मान्य केले, परंतु “उलट्या पावलांशिवाय हडळ कसली?” या आण्णांच्या आग्रहाखातर बूट टाचा पुढे करून बांधण्यात आले आणि हडळ दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावरून पहिल्या मजल्यावर अनपेक्षित वेगाने अवतरली. शेवटी ती अमेरिकी चेटकीण झाली, जिला केवळ उंच टोपी आणि झाडू लागतो.

झाडू म्हणून तिने घेतली ती दुसऱ्या दिवशीच्या, म्हणजे १ नोव्हेंबरच्या लक्ष्मीपूजनासाठी आणलेली कोरी केरसुणी. महाराष्ट्रात या दिवशी नव्या केरसुणीची लक्ष्मी म्हणून पूजा होते. तिला चुकून पाय लागला तरी नमस्कार करतात, आणि येथे तर तिच्यावर स्वार होऊन वाहनतळाला तीन फेऱ्या मारण्यात आल्या होत्या.

“अगं, लक्ष्मी पायाखाली घेतलीस?” आज्जी ओरडल्या, आणि त्या संध्याकाळची पहिली खरीखुरी किंकाळी संस्थेच्या आवारात घुमली.

धाकट्याला त्याच्या मामाने इजिप्तची ममी, म्हणजे पट्ट्यांत गुंडाळलेले जुने प्रेत, करून पाठवले होते. त्यासाठी औषधाच्या दुकानातून पट्ट्यांची अख्खी पेटी आणली होती आणि परिणाम इतका अस्सल होता की जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाने मुलाला थांबवून कुठे पडला, कोणत्या डॉक्टरला दाखवले आणि टाके किती पडले याची चौकशी केली. एका काकूंनी घरगुती तेलाची बाटली दिली आणि एका आजोबांनी हाड बसवणाऱ्याचा पत्ता लिहून दिला. प्रेत झालेल्या मुलाला भिण्याऐवजी त्याची विचारपूस करणाऱ्या समाजात भयपट चालतात कसे, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.

घरोघर जाऊन ‘ट्रिक ऑर ट्रीट’ असे ओरडणे, म्हणजे खाऊ द्या नाहीतर खोडी काढू अशी धमकी देणे, हा सणाचा गाभा मानला जातो. सातारा-सांगलीकडे दारावर येऊन मागणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. पहाटे मोरपिसांची टोपी घालून वासुदेव येतो. अंगावर आसूड ओढणारी कडकलक्ष्मी येते, जिच्या घुमणाऱ्या ढोलकीने लहान मुले आजही पलंगाखाली जातात. आणि आश्विनात हादग्याला, ज्याला इतरत्र भोंडला म्हणतात, मुली पाटावर हत्तीचे चित्र मांडून त्याभोवती फेर धरतात आणि झाकलेल्या डब्यातील खिरापत, म्हणजे खाऊ, ओळखल्याशिवाय तो मिळत नाही. या पूर्वतयारीमुळे भुतांची धमकी दाराशी आल्यावर यजमानांनी आपापल्या पद्धतीने हाताळली. पहिल्या मजल्यावरील काकूंनी भुतांना आत घेऊन, पाट मांडून, आधी खिरापत ओळखायला लावली. दुसऱ्या मजल्यावर भुतांची वंशावळ तपासण्यात आली.

“कुणाचा रे तू?”

“मी ड्रॅक्युला.”

“ते झालं. वडील काय करतात?”

तिसऱ्या मजल्यावरील निवृत्त गुरुजींनी ड्रॅक्युलाला सहामाहीत गणितात किती पडले असे विचारले, तेव्हा त्या रक्तपिपासूच्या चेहऱ्यावरचे उरलेसुरले रक्तही उडाले. मुलांना चॉकलेटे हवी होती. मिळाल्या चकल्या, करंज्या, भडंग, आणि साताऱ्याहून दिवाळीसाठी आलेल्या तात्यांनी हातोहात वाटलेले कंदी पेढे. चौथ्या मजल्यापर्यंत भुतांचा आवाज बसला, पोटे भरली आणि ती धमकीऐवजी पाणी मागू लागली. परतल्यावर आज्जींनी सगळ्या भुतांना एका रांगेत उभे करून मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्यांनी त्यांची दृष्ट काढली. मिरच्यांचा खाट जिन्यातून वर चढला आणि धुराचे यंत्र भाड्याने आणावे असा समितीचा जो ठराव निधीअभावी फेटाळला गेला होता, त्याची आपोआप पूर्तता झाली.

या सर्व प्रकारास ‘ही कुठली पाश्चात्त्य थेरं’ असे म्हणणाऱ्या सांगलीकरास आपल्या गावाचा इतिहास स्मरत नसतो. १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ हे नाटक केले, त्याच्या स्मरणार्थ ५ नोव्हेंबर, म्हणजे हॅलोविननंतर अवघ्या पाच दिवसांनी, मराठी रंगभूमी दिन पाळला जातो. त्या वळणाच्या नाटकांत सूत्रधार पदे गाऊन कथा पुढे नेई, पात्रे आयत्या वेळी सुचेल ते बोलत, आणि राक्षस चेहरे रंगवून, राळेचा भडका उडवून, ‘अललल डुर्र’ अशी आरोळी ठोकत रंगमंचावर घुसत. ती आरोळी इतकी गाजली की पुढे त्या नाटकांनाच तिच्या नावाने हिणवले गेले. रंगवलेले तोंड, अंधार, जाळ, आरडाओरडा आणि संहितेचा अभाव हे सर्व घटक पाहता, सांगलीने हा सण पूर्वीच करून, त्याचे नाटक करून, वर त्याला नाट्यगृह बांधून दिले, असे म्हणावे लागते. आण्णांनी हे समितीच्या बैठकीत सप्रमाण मांडले, आणि समितीने त्यांचे आभार मानून त्यांना विषय संपेपर्यंत खुर्च्या मोजण्याचे काम दिले.

येथवर भोपळ्यात दिवा ठेवण्याचा विचार झाला. आता त्यातून सूर काढण्याचा विचार करणे प्राप्त आहे, कारण सांगलीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या मिरजेत भोपळे त्यासाठीच पोकळ करतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांतील कारागीर तंतुवाद्यांकडे वळले, त्यांत फरीदसाहेबांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे, खाण्यास निरुपयोगी असे कडू भोपळे वाळवून, त्यांना लाकडी गळा जोडून सतारी आणि तंबोरे तयार होऊ लागले, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या वस्तूचे नाव त्या गावाशी कायद्याने बांधणारी नोंद, मिळाले. ज्या भोपळ्याची भाजी होत नाही त्याला मान मिळतो, हा नियम कृष्णाकाठच्या अनेक मुलांनी आपल्या वडिलांना वेळोवेळी ऐकवला आहे.

प्रयोगशील संगीत, म्हणजे राग, ताल, चाल अशा ठरलेल्या चौकटी बाजूला ठेवून आवाज या वस्तूशीच खेळणारे संगीत, या भागाला नवे नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर, म्हणजे एका सप्तकात मानलेल्या बावीस सूक्ष्म स्वरस्थानांवर, इंग्रजीत पुस्तक लिहिले. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ यांनी त्यांच्या प्रयोगांसाठी गळा दिला आणि अर्नेस्ट क्लेमंट्स या न्यायाधीशाने साथ दिली. दिवसभर न्यायालयात वादी-प्रतिवादी ऐकून घरी आल्यावर पुन्हा वादी-संवादी ऐकणाऱ्या या गृहस्थाच्या सहनशक्तीला भारतीय संगीताच्या इतिहासात पुरेसे श्रेय मिळालेले नाही. त्यांनी बनवून घेतलेली श्रुतींची पेटी १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत मांडली गेली आणि विद्वानांनी ती अमान्य केली. संगीताचा प्रयोग खरोखर नवा आहे याची ती त्या काळातली खूण होती. मिरजेत विसावलेल्या याच अब्दुल करीम खाँनी टिपू नावाच्या कुत्र्याला सुरात ओरडायला शिकवले होते, अशी आख्यायिका सांगतात. सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी, ज्यांनी १८८० मध्ये भारतीय सर्कशीचा पाया घातला, तर एकाच मुक्कामात वाघ, घोडे आणि रहिमत खाँसारखा थोर पण लहरी गायक सांभाळून दाखवला, आणि या तिघांत अधिक अवघड कोण होते याबद्दल जाणकारांत दुमत नाही.

पलीकडच्या जगात अमेरिकेच्या जॉन केज या रचनाकाराने १९५२ मध्ये अशी रचना सादर करविली की डेव्हिड ट्यूडर हा पियानोवादक चार मिनिटे तेहतीस सेकंद काहीच वाजवत नाही आणि श्रोत्यांना सभागृहातले खोकले, खुर्च्या आणि पाऊस ऐकावे लागतात. याच ट्यूडरने १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत इलेक्ट्रॉनिक संगीताची प्रयोगशाळा उभारून दिली. १९७० मध्ये किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ न्यूयॉर्कला गेले तेव्हा ला माँट यंग आणि टेरी रायली हे तिकडचे नामांकित प्रयोगकर्ते त्यांचे शिष्य झाले आणि तंबोऱ्याच्या अखंड नादालाच संगीत मानून तासन्‌तास बसू लागले. मिरजेच्या माणसाला याचे नवल वाटत नाही, कारण तो लहानपणापासून मैफलीच्या आधी तंबोरा लागेपर्यंत असाच बसलेला असतो. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर यांनी सतार नुसती जुळवून ठेवली तेव्हाच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला होता, ही हकीकत मिरजेत विनोद म्हणून सांगितली जाते. सांगलीत ती सूचना म्हणून पाळली जाते.

संस्थेच्या मैफलीत त्या सूचनेचा अवलंब लगेच झाला. कलाकार हा साताऱ्याचा, पुण्यात ध्वनिमुद्रण शिकून परतलेला तरुण होता, काळा सदरा घातलेला, लॅपटॉप बाळगणारा आणि समितीच्या अध्यक्षांचा भाचा, यांपैकी अखेरची पात्रता निर्णायक ठरली होती. त्याने साडेसहाला ध्वनिक्षेपकाची तपासणी सुरू केली, ‘हॅलो, चेक, वन, टू’ असे काही वेळ म्हटले, मधे एक कर्कश शीळ आली, आणि समोर जमलेल्या सभासदांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. यावर समाधान मानून एक कुटुंब घरी गेलेही. त्यानंतर दीपप्रज्वलन, अध्यक्षांचे मनोगत, माजी अध्यक्षांचे मनोगत, माजी अध्यक्षांच्या मनोगतावर अध्यक्षांचा खुलासा, आणि शाल-श्रीफळ असा नेहमीचा कार्यक्रम झाला. ध्वनियंत्रणा गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत स्पीकरांची भिंत उभी करणाऱ्या मंडळींकडून आणलेली होती. तिच्या चालकाने कलाकाराला बाजूला घेऊन आस्थेने विचारले.

“दादा, ह्यात बीट कुठं हाय?”

“बीट नाही त्यात. अवकाश आहे.”

“बरं. मग बेस वाढवू?”

रचनेसाठी आज्जींचा मिरजेचा जुना तंबोरा आणि संध्याकाळचा तोच कुंकवाचा भोपळा मंचावर ठेवला होता. दोहोंना कॉन्टॅक्ट मायक्रोफोन, म्हणजे हवेतला आवाज न टिपता पृष्ठभागाची थरथर टिपणारी चपटी चकती, चिकटवण्यात आला; तंबोरा छेडायला, दुसरे कोणी धजेना म्हणून, खुद्द आज्जी बसल्या आणि कलाकाराने त्या नादाची आवर्तने लॅपटॉपवर एकावर एक रचली. त्यात मग त्याने परिसरातून ध्वनिमुद्रित केलेले आवाज मिसळले: रसवंतीच्या चरकाला बांधलेली घुंगरे, हळदीच्या सौद्यात पुकारलेले भाव, एसटी स्थानकावरची घोषणा आणि प्रेशर कुकर. कुकरची तिसरी शिट्टी झाल्याबरोबर तीन गृहिणी ‘गॅस!’ असे म्हणून उठल्या आणि धावत घरी गेल्या. त्यांच्या मागोमाग एकीचा नवरा, कौतुकाने, “बघा, केवढा परिणाम आहे कलेचा,” असे म्हणाला. हळदीच्या भावाचा पुकारा आला तेव्हा मागच्या रांगेत डुलकी घेणाऱ्या एका निवृत्त अडत्यांनी, म्हणजे बाजार समितीत शेतकऱ्याच्या वतीने माल विकणाऱ्या व्यापाऱ्यांनी, डोळे न उघडता आणखी शंभर रुपये वाढवले. एसटीची घोषणा ऐकून तात्यांनी पिशवी उचलली. कलाकार भोपळ्यावर बोटांनी थापा देऊ लागला तेव्हा चिकटपट्टी सुटली, नाकावरची चीर रुंदावली आणि आज्जी तंबोरा छेडता छेडताच त्याला म्हणाल्या, “हळू रे बाबा, उरलेल्याचे सकाळी घारगे करायचेत.”

नेमक्या त्या क्षणी वाढवलेला बेस सहन न होऊन संस्थेचा मुख्य फ्यूज उडाला. लॅपटॉप, ध्वनिक्षेपक, माळा, लिफ्ट, सर्व काही बंद पडले, आणि प्रयोगशील संगीताच्या श्रोत्याची जी मुख्य धास्ती असते, की आपल्याला कळले नाही हे शेजाऱ्याला कळेल, तिने अंधारातही काम सोडले नाही. हा रचनेचाच भाग असावा असे प्रत्येकाने गृहीत धरले आणि ज्या संस्थेत वार्षिक सभेत कोणी कोणाला वाक्य पुरे करू देत नाही, ती संस्था चिडीचूप बसून राहिली. ज्यांनी जॉन केजचे नाव ऐकले होते त्यांनी मान डोलावली. ज्यांनी ऐकले नव्हते त्यांनी त्यांचे पाहून डोलावली. अंधारात मान दिसत नाही हे कोणाच्या लक्षात आले नाही. कलाकार मंचाखाली गुडघ्यांवर रांगत वायरी तपासत होता आणि त्याने दबक्या आवाजात उच्चारलेला एक अस्सल सातारी शब्द रचनेतील मानवी आवाजाचे आगमन म्हणून नोंदवला गेला. थांबा असे कोणी न सांगितल्यामुळे आज्जी तंबोरा छेडीतच राहिल्या, आणि त्या नादाला संस्थेच्या फाटकाशी झोपणाऱ्या कुत्र्याने मान वर करून असा दीर्घ, स्थिर, निर्दोष सूर दिला की मागच्या रांगेतून निवृत्त गुरुजींचा आवाज आला.

“पंचम! अरे, पंचम लागला त्याचा!”

दिवे आले तेव्हा टाळ्या थांबेनात. कलाकाराने, जो त्या वेळी मंचाखालून अर्धा बाहेर आला होता, प्रसंगावधान राखून तेथूनच नमस्कार केला.

मैफलीनंतरच्या अभिप्रायांचेही शास्त्र आहे. ‘वेगळं होतं’ म्हणजे कळले नाही. ‘प्रयोग म्हणून चांगला’ म्हणजे कळले नाही आणि आवडलेही नाही. ‘वातावरणनिर्मिती छान’ म्हणजे अंधार आवडला. आणि ‘अजून थोडं आटोपशीर हवं होतं’ हे मत फक्त ज्यांची माणसे मंचावर नसतात तेच देतात. आण्णांनी रचनेत किराणा अंगाची छाया असल्याचे सांगितले, अध्यक्षांनी भाच्याच्या साधनेचा उल्लेख केला, चिटणीसांनी हॅलोविनच्या भयरसाशी तिचा संबंध जोडला. केवळ तात्या, सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या, १९४० पासून चालत आलेल्या संगीत महोत्सवात रात्र रात्र मांडी न बदलता बसलेले असल्यामुळे ज्यांना काही सिद्ध करायचे उरले नव्हते, कलाकाराच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “मला काय कळलं न्हाई बाबा. पण त्या कुत्र्याचा नाद खुळा!” या उद्गाराने सभेला मोठा दिलासा मिळाला, कारण त्यानंतर सर्वांनाच कुत्र्याबद्दल मनापासून बोलता आले.

समितीने त्याच रात्री तातडीची बैठक घेऊन कुत्र्याचा सत्कार करावा असे एकमताने ठरवले, आणि हे संस्थेच्या स्थापनेपासूनचे पहिले एकमत असल्याचे इतिवृत्तात नमूद आहे. मतभेद झाला तो तपशिलावर: मानधन द्यावे तर पावती कोणाच्या सहीने घ्यायची, हा कोषाध्यक्षांचा प्रश्न होता, कुत्रा सभासद नाही, मग संस्थेचा कलाकार म्हणून त्याचा उल्लेख कसा करायचा, ही माजी अध्यक्षांची हरकत होती, आणि नावाआधी ‘श्री.’ लावावे की ‘पं.’, यावर गुरुजी आणि आण्णा यांच्यात रात्री उशिरापर्यंत वाद चालला. अखेर माजी अध्यक्षांना मघाशी दिलेली शाल त्यांच्या खुर्चीवर तशीच राहिली होती, ती पांघरून आणि श्रीफळ समोर ठेवून सत्कार उरकण्यात आला. सत्कारमूर्तींनी नारळ हुंगून नाकारला, शालीवर तीन गिरक्या घेतल्या आणि मनोगत व्यक्त न करता झोपी गेले. असा आदर्श सत्कार सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत याआधी झाल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही.